सैतान जिंकला का?

नाटक-सिनेमावर लिहिणारा टीकाकार पडद्याकडे तोंड करून बसतो, आणि ते रास्तच आहे. पण काही चित्रपट असे निघतात की त्यांच्याविषयी बोलायचे तर खुर्ची फिरवून अंधारात बसलेल्या माणसांकडेच पाहावे लागते. पडद्यावर काय घडले ते दहा-वीस ओळींत सांगून होते. पडद्यासमोर जे घडले ते पन्नास वर्षे उलटली तरी सांगून संपत नाही. विल्यम फ्रीडकिन या दिग्दर्शकाचा 'दि एक्झॉर्सिस्ट' हा अमेरिकन चित्रपट त्या जातीचा आहे. 'एक्झॉर्सिस्ट' म्हणजे अंगात शिरलेले भूत काढणारा. आपल्याकडे अशा माणसाला पंचाक्षरी म्हणत. शब्द आता मागे पडला. धंदा मात्र अजून सर्वस्वी बंद पडलेला नाही.

हा चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत लागला. सणाचे गोडधोड पोटात असतानाच लोकांना सैतान दाखवायची ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो, पण ती अचाट ठरली. कडाक्याच्या थंडीत लोक तासन्‌तास रांगेत उभे राहू लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या भारदस्त वृत्तपत्राने जानेवारी १९७४ मध्ये या रांगांवर स्वतंत्र लेख छापला. आत बसलेल्यांपैकी कुणाला भोवळ येई, कुणाला ओकारी होई, कुणी तोंडावर रुमाल धरून अर्ध्यातच बाहेर पडे. त्या बातम्या गावभर होत, आणि दुसऱ्या दिवशी रांग अधिकच लांब होई. मार्चमध्ये चित्रपट लंडनला गेला, तेव्हा तिथल्या काही चित्रपटगृहांत प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे स्वयंसेवक बसवावे लागले, आणि दाराशी धार्मिक मंडळी सावधगिरीची पत्रके वाटीत उभी राहिली. आत औषध, बाहेर उपदेश, आणि मध्ये तिकीट हातात घेतलेला माणूस!

जाणत्यांतही एकमत नव्हते. पॉलिन केल या नामवंत समीक्षिकेने चित्रपटाची सालटी काढली. शिकागोच्या रॉजर ईबर्टने त्याला आपले सर्वोच्च चार तारे दिले. बिली ग्रॅहम यांच्यासारख्या प्रख्यात धर्मोपदेशकाने त्याचा निषेध केला. उलट जेझुइट पंथाचे खरेखुरे पाद्री त्यात सल्लागार होते, इतकेच काय, त्यांच्यापैकी दोघांनी भूमिकाही केल्या. ऑस्करसाठी त्याचे नाव दहा विभागांत सुचवले गेले आणि पटकथा व ध्वनी यांसाठी दोन पारितोषिके मिळाली. एकाच वस्तूला एक धार्मिक माणूस पाप म्हणतो आणि दुसरा धार्मिक माणूस तीत उभा राहून प्रार्थना म्हणतो, असा हा चमत्कारिक प्रकार होता.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ख्रिस मॅकनील ही नवऱ्यापासून वेगळी झालेली नटी चित्रीकरणासाठी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात घर घेऊन राहते. तिची बारा वर्षांची मुलगी रीगन. हसरी, खेळकर. या पोरीचे वागणे बिघडू लागते. आधी चिडचीड, मग शिव्या, मग अंगात दहा माणसांचे बळ. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मानसोपचार झाले. गुण येईना. अखेर डॉक्टरांनीच सुचवले की, हिच्या मनाने घेतले आहे की आपल्या अंगात कुणी आहे, तर ते काढण्याचा विधी करून पाहा. कदाचित मनाच्या समजुतीनेच बरे वाटेल. आई फादर कॅरसकडे जाते. हा पाद्री स्वतः मानसोपचाराचा डॉक्टर आहे, आणि त्याची स्वतःची श्रद्धा डळमळीत झाली आहे. त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कमध्ये एकटी राहत होती, ती एकटीच मेली, आणि तो सल त्याच्या काळजात आहे. त्याच्या मदतीला फादर मेरिन हा वृद्ध, अनुभवी पाद्री येतो. विधी चालू असताना मेरिन मरतो. तेव्हा कॅरस त्या पोरीला धरतो, सैतानाला आव्हान देतो की तिला सोड, मला धर; आणि सैतान त्याच्या अंगात शिरताच उरल्यासुरल्या शुद्धीच्या बळावर तो खिडकीतून स्वतःला खाली झोकून देतो. खाली दगडी जिन्याच्या पंचाहत्तर पायऱ्या. पोर बरी होते. तिला काहीच आठवत नाही.

ही कथा विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ सालच्या कादंबरीतली. पटकथाही त्यांचीच. १९४९ साली ते जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना मेरीलँडमधल्या एका मुलाविषयी अशाच प्रकारची बातमी वर्तमानपत्रात आली होती. तिचे बी वीस वर्षे मनात राहून त्याचे झाड झाले. कादंबरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटावी.

आता मुख्य प्रश्न. लोकांना भोवळ आली ती नेमकी कुठे?

आपण म्हणू, मुलीचे डोके गर्रकन् मागे फिरते तिथे. किंवा तिच्या तोंडून हिरवी घाण पाद्र्याच्या अंगावर उडते तिथे. पण या चित्रपटाविषयी पुढे जे लिहिले-बोलले गेले, त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा नोंदवलेली आढळते. अनेकांचा धीर सुटला तो इस्पितळाच्या प्रसंगात. रीगनला टेबलावर निजवले आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्र काढायचे म्हणून तिची मान पुसून तीत सुई खुपसतात, रक्ताची चिळकांडी उडते, आणि मग ते अजस्र यंत्र धडाधड आवाज करीत तिच्या डोक्याभोवती चालू होते. तिथे सैतान नाही, अंधार नाही, संगीत नाही. पांढरेशुभ्र दिवे आहेत, सभ्य डॉक्टर आहेत, आणि काचेपलीकडे काही एक न समजणारी माणसे आहेत. तपासणीची ही पद्धत त्या काळी खरोखरच रूढ होती. संगणकाच्या साहाय्याने मेंदूचे चित्र घेण्याची आजची रीत तेव्हा नुकती कुठे जन्माला आली होती.

मला हा सगळा मामला फार बोलका वाटतो. माणसे सैतान पाहायला म्हणून पैसे देऊन आत गेली आणि इस्पितळात कोसळली! भूत खरे की खोटे यावर वाद घालता येतो. पोटच्या पोरीच्या मानेत सुई जाताना दाराबाहेर उभे राहण्यावर कोण वाद घालणार? ज्याने आपल्या तान्ह्याला ताप चढलेला असताना सरकारी दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फ्रीडकिनची खरी हुशारी इथे आहे. त्याने प्रेक्षकाला आधी अशा ठिकाणी नेले की जिथली भीती त्याच्या ओळखीची आहे. तिथे तो एकदा मनाने उघडा पडला की पुढचा सैतान आपोआप खरा होतो. डॉक्टरांवर विश्वास बसला म्हणून भुतावर बसला.

दिग्दर्शकाची बाकीची तयारीही याच दिशेची आहे. पोरीची खोली त्याने खरोखर गोठणबिंदूखाली थंड केली, म्हणून पाद्र्यांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. म्हातारा मेरिन झालेला मॅक्स फॉन सिडो तेव्हा जेमतेम चव्वेचाळिशीत होता; रंगभूषाकार डिक स्मिथने त्याच्यावर तीसेक वर्षे अशी चढवली की कुणाला शंकाही येऊ नये. सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज या जुन्या, कसलेल्या अभिनेत्रीने दिला. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तो घोगरा, जुनाट आवाज येतो तेव्हा पाठीवरून सरपटत काहीतरी गेल्याचा भास होतो.

मानसशास्त्राच्या पदव्या माझ्याकडे नाहीत. पण १९७५ साली जेम्स बोझुटो या अमेरिकन डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या एका टिपणाची हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. हा चित्रपट पाहून मनाचा तोल गेलेल्या चार रुग्णांविषयी ते आहे. त्याचे मत असे की, चित्रपटाने ही पीडा नव्याने निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा आधीपासून आत दडलेली चिंता उघडी केली असे म्हणावे. चौघांनाही थोडक्या उपचाराने बरे वाटले. म्हणजे ज्याने त्याने आपापले भूत खिशात घालून आत नेले होते; अंधारात ते तेवढे बाहेर आले. खुद्द फ्रीडकिन पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिला की, माणूस या चित्रपटात जे घेऊन जातो तेच घेऊन बाहेर येतो.

आणि इथेच लेखक आणि प्रेक्षक यांच्यात खडाजंगी उभी राहिली.

ब्लॅटी हा श्रद्धाळू कॅथलिक. भीती दाखवून पैसे मिळवावेत एवढ्यासाठी त्याने ही कथा लिहिली नव्हती. त्याच्या दृष्टीने ती देवाच्या बाजूची साक्ष होती. इतका दुष्टावा जगात असेल तर त्याला पुरून उरणारा चांगुलपणाही असलाच पाहिजे, आणि तो कॅरसच्या मरणात दिसतो, असे त्याचे म्हणणे. पण चित्रपट पाहून बाहेर पडलेले कितीतरी लोक म्हणू लागले की, सैतान जिंकला! दोन पाद्री मेले, एक हृदय बंद पडून आणि दुसरा खिडकीतून पडून. सैतानाने कॅरसला धरले आणि फेकून दिले. मग देव कुठे होता? ब्लॅटीला हे फार लागले. आपण पेटवलेला दिवा लोकांनी वणवा म्हणून ओळखावा, याहून लेखकाचे मोठे दुःख ते कोणते?

त्याची फ्रीडकिनकडे तक्रार होती की, चित्रीकरण झालेले दोन प्रसंग त्याने कापून टाकले. एकात दोघे पाद्री जिन्यावर बसून बोलतात: या कोवळ्या पोरीलाच का? तर पाहणाऱ्यांनी माणसाविषयी निराश व्हावे, आपण देवाच्या प्रेमाला पात्रच नाही असे त्यांना वाटावे, एवढ्यासाठी. दुसरा अगदी शेवटचा. कॅरसच्या मागे राहिलेला मित्र फादर डायर आणि पोलीस अधिकारी किंडरमन यांच्यात जुळू पाहणाऱ्या मैत्रीचा. जग पुढे चालू आहे, हे सांगणारा. शेवटी २००० साली फ्रीडकिनने मित्राच्या शब्दाला मान देऊन हे प्रसंग परत घातले आणि चित्रपट नव्याने दाखवला गेला. मूळ चित्रपट दोन तास दोन मिनिटांचा. तो दहा मिनिटांनी वाढला.

मी दोन्ही प्रती पाहिल्या आहेत. पैकी मूळ प्रत पहिल्यांदा पाहिली ती वीस-बावीस वर्षांपूर्वी, घरीच, भाड्याने आणलेल्या सीडीवर. माझी आई बाजूला बसून तांदूळ निवडीत होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. मी मधून मधून दोन शब्दांत सांगत होतो. इस्पितळाच्या प्रसंगात तिने परात खाली ठेवली आणि म्हणाली, "अरे, नुसत्या सुया टोचतायत मेले. त्या पोरीला कुणी दोन घास भरवले का?" डोके फिरण्याच्या प्रसंगाला ती मुळीच दचकली नाही, जत्रेतल्या बाहुलीसारखे वाटले, म्हणाली. आणि कॅरसने पोरीला धरून ते आव्हान दिले, तेव्हा मी काही सांगण्याच्या आतच तिने हात जोडले. "त्यानं आपल्या अंगावर घेतलं रे," ती म्हणाली. "आईच्या माघारी एकटाच होता बिचारा. पोरीवरून जीव ओवाळून टाकला."

ब्लॅटी जे अमेरिकेतल्या लाखो प्रेक्षकांना समजावून सांगू पाहत होता, ते आमच्या आईने तांदूळ निवडता निवडता एका वाक्यात सांगितले. तिला ते सांगता आले, कारण तिच्या भाषेत त्या कृतीला नाव आहे. जीव ओवाळून टाकणे. आपल्या घरात लेकराची दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात. ओवाळायची ती पीडा, आणि टाकायची ती ज्या वस्तूने पीडा उचलली ती वस्तू. मीठ-मोहऱ्या तडतडून जळतात. म्हणून काही दृष्ट जिंकली असे कुणी म्हणत नाही. इयत्ता सातवीच्या वर्गात मी बाबराची गोष्ट सांगतो. हुमायून आजाराने अंथरुणाला खिळला, तेव्हा बाबराने त्याच्या पलंगाभोवती फेऱ्या मारून, माझे आयुष्य घे आणि याला वाचव, असे मागितले. मुलगा उठला आणि बाप खाली बसला. गोष्ट दंतकथेच्या वळणाची आहे. पण इतक्या वर्षांत एकाही पोराने मला विचारले नाही की, गुरुजी, मग आजार जिंकला का?

याचा अर्थ असा मुळीच नव्हे की अमेरिकन प्रेक्षक मूर्ख आणि आपण शहाणे. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी दुसऱ्यांसाठी क्रुसावर मेलेला पुरुष आहे, त्या धर्मात वाढलेल्या माणसांना ही कल्पना परकी कशी असेल? तरीही त्यांना ती त्या अंधारात दिसली नाही. का दिसली नाही, याचे उत्तर प्रेक्षकात शोधण्यापेक्षा चित्रपटात शोधणे मला अधिक न्यायाचे वाटते.

सैतानाला चेहरा असतो. तो रंगवता येतो, त्याला आवाज देता येतो, त्याच्यासाठी खोली थंड करता येते. चांगुलपणाचे रंगसाहित्य बाजारात मिळत नाही. या साऱ्या चित्रपटात एकही देवदूत नाही. मेरिन धुक्यातून येऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा राहतो आणि खिडकीतला प्रकाशाचा झोत त्याच्यावर पडतो, तेवढे एक चित्र देवदूताच्या जवळ जाते. बेल्जियन चित्रकार मॅग्रित याच्या चित्रमालेवरून ते सुचले होते. सैतान तासाहून अधिक वेळ पडद्यावर धुमाकूळ घालतो, आणि ज्या क्षणी कॅरस जिंकतो तो क्षण पापणी लवण्याच्या आत निघून जातो. त्याच्या चेहऱ्यावर सैतान आला, गेला, आणि तो खिडकीबाहेर! यात उडी त्याने मारली की त्याच्याकडून मारवली गेली, हे घाबरलेल्या माणसाला कसे कळावे? पलंगाच्या हादऱ्यांना दिग्दर्शकाने जेवढा वेळ दिला, त्याच्या शतांशही या निर्णयाला दिला नाही. प्रेक्षकांनी सैतान जिंकला म्हटले, ते त्यांनी घड्याळ पाहून म्हटले.

मग २००० सालच्या संवादांनी ही उणीव भरली का? मला तसे वाटत नाही. जिन्यावरचे बोलणे सुंदर आहे. पण ते बोलणे आहे. भ्यालेल्या माणसाला तत्त्वज्ञान सांगितले तर तो मान डोलावतो आणि भीतच राहतो. लेखकाने कथेत जे पुरते घडवले नाही ते पात्रांच्या तोंडून वदवून घेता येत नाही, हा धडा आम्हा कादंबरीकारांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

चित्रपटावरचा माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सैतानाचा दुष्टावा दाखवण्यासाठी एका लहान मुलीच्या देहाची जी विटंबना पडद्यावर मांडली आहे, तीतले काही प्रसंग कथेच्या गरजेपलीकडे गेले आहेत. तिथे सैतान कमी आणि तिकीटखिडकी जास्त दिसते. इंग्लंडमध्ये घरी पाहण्याच्या ध्वनिचित्रफितीला सेन्सॉरने १९९९ पर्यंत परवानगी दिली नाही, ती लहान मुलांच्या काळजीने. त्या काळजीला मी हसणार नाही.

देवदूताचे दर्शन लोकांना हवेच नसते असेही नाही. फ्रँक कॅप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ सालचा चित्रपट घ्या. जीव द्यायला निघालेल्या एका सज्जनाला क्लॅरेन्स नावाचा पंख न मिळालेला, वेंधळा देवदूत वाचवतो. त्या वेळी त्याचा खर्चही भरून निघाला नाही. पुढे १९७४ साली मालकी हक्काची मुदत वाढवायची राहून गेली, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट मिळू लागला, आणि दर नाताळला घरोघरी दिसू दिसू तो अमेरिकेचा लाडका झाला. योगायोग पाहा. ज्या वर्षी लोक थंडीत उभे राहून सैतानाचे तिकीट काढीत होते, त्याच वर्षी देवदूताला मोकळ्या दाराने घरात यायची वाट मिळाली. भीती एका रात्रीत माणसाला गाठते. प्रेम बसायला त्याला अनेक नाताळ यावे-जावे लागतात.

आपल्याकडचा प्रेक्षक याहून वेगळ्या तालमीत तयार झाला. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये राम दिसताच लोक हात जोडीत. राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली होती, याची त्यांना पर्वा नव्हती. 'एक्झॉर्सिस्ट'नंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, 'जय संतोषी माँ' लागला, तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले नि नाणी उधळीत. रावणाचा शेवट काय होणार हे माहीत असलेला प्रेक्षक भीतीने बेशुद्ध पडत नाही.

शिवाय आपल्या राक्षसांशी आपला घरोबा असतो. याच दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानानंतर पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडताना आपण नरकासुर मारतो, गोव्यात तर रात्रभर मिरवून पहाटे त्याचे पुतळे जाळतात, आणि पाडव्याला बळीराजाची पूजा करून त्याचेच राज्य येवो म्हणून मागतो. दोघेही असुर. श्रावणात ज्या जरा-जिवंतिकेचा कागद आपण भिंतीवर लावून लेकरांचे आयुष्य मागतो, तिच्यातली जराही पुराणात राक्षसीणच. गंमत अशी की, 'एक्झॉर्सिस्ट'च्या आरंभी इराकच्या उजाड उन्हात मेरिनसमोर जी पंख पसरलेली मूर्ती उभी आहे, ती पझूझू या प्राचीन मेसोपोटेमियन दैत्याची. आणि त्या देशातल्या बायका याच पझूझूच्या मुंडक्याचे ताईत वापरीत, बाळ-बाळंतिणीवर झडप घालणाऱ्या लमाश्तू राक्षसिणीपासून रक्षण व्हावे म्हणून! म्हणजे जो आपल्या गावी लेकरांचा राखणदार होता, त्याला अमेरिकेत आणून लेकराच्या उरावर बसवले. जुन्या लोकांनी भीतीलाच कामाला लावले होते. नव्या काळाने तिला मोकाट सोडले, इतकेच.

अलीकडे माझ्या काही जुन्या, आता मिशा फुटलेल्या विद्यार्थ्यांबरोबर मी हा चित्रपट पुन्हा पाहिला. डोके फिरले तेव्हा पोरे खदखदून हसली. पलंग हवेत उचलला गेला तेव्हा एकाने तारा कुठे बांधल्या असतील ते दाखवले. पन्नास वर्षांत भुताचे सामान असे जुने होऊन जाते. पण इस्पितळाचा प्रसंग आला आणि खोलीत कुणी हालले नाही. आणि जिन्याच्या तळाशी रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या कॅरसपाशी फादर डायर रडत रडत गुडघे टेकतो, त्याचा हात हातात घेऊन विचारतो की तुझी पापे कबूल करतोस ना, तिथेही कुणी हसले नाही.

या प्रसंगासाठी मी या चित्रपटाचे बाकीचे सगळे अपराध पोटात घालतो. कॅरसला बोलता येत नाही. त्याची बोटे तेवढी हलकेच मिटतात, मित्राचा हात दाबतात. इतकेच. ज्याची श्रद्धा उडाली म्हणून तो तळमळत होता, त्याने दिलेले हे उत्तर आहे. सैतान त्या हातात असता तर ती बोटे अशी मिटली नसती. डायरचे काम करणारे विल्यम ओमॅली हे खरोखरीचे पाद्री होते, त्यामुळे त्यांच्या तोंडचे ते शब्द नुसते पाठ केलेले वाटत नाहीत.

जॉर्जटाउनच्या त्या पंचाहत्तर पायऱ्यांवर आता प्रवासी चढतात-उतरतात. २०१५ साली तिथे चित्रपटाच्या स्मरणाची पाटीही लागली. सैतानाच्या नावाने प्रसिद्ध झालेली ती जागा वास्तविक एका माणसाने दुसऱ्याच्या लेकरासाठी जीव टाकल्याची आहे. वाचकांपैकी कुणी हा चित्रपट पाहणार असेल तर लहान मुलांना निजवूनच पाहावा. आणि कुणी घाबरून मध्येच डोळे मिटले, तरी शेवटी त्या बोटांपाशी ते उघडावेत.